बोळा काढणाऱ्याच्या खिशात चावी

गहू-हरभऱ्याची मळणी गावोगाव सुरू झालीय. मशीनमध्ये कुणाची बोटं गेली की लोक लगेच म्हणतात, "त्याचं ध्यान नव्हतं." मला हे पटत नाही.

ओलसर काड ड्रमपाशी गुंतते, मशीन घुमायला लागतं आणि पेंढ्या देणारं माणूस चालू मशीनमध्येच हात घालून बोळा ओढतं. का? मळणी पोत्यावर ठरलेली असते. मशीन थांबलं की मशीनवाल्याचं नुकसान. पेंढ्या देणारी बाई रोजानं आलेली, "थांबवा" म्हणायची तिची छाती होत नाही. खरं तर तो हक्क आधी तिचाच पाहिजे.

कडबा कुट्टीची वेगळीच तऱ्हा. बटण बंद केलं तरी पात्यांचं जड चाक काही वेळ फिरतच राहतं. त्यात आपली लाईट! ती गेली, तोंडात कडबा तसाच, बटणही चालूच. तेवढ्यात साफ करू म्हणून हात घातला आणि लाईट आली तर? विहिरीवरच्या मोटरीला ऑटो ठीक आहे, कुट्टीला अजिबात नको.

सिंगल फेज असेल तर पिन उपटा. थ्री फेजला मेन स्विच पाडून किटकॅट काढा आणि खिशात ठेवा. ट्रॅक्टरवरचं मशीन असेल तर इंजिन बंद करून चावी बोळा काढणाऱ्याकडे द्या, ड्रायव्हरकडे नको. वर बसलेल्याला पलीकडचा हात दिसत नाही. चाक थांबलेलं डोळ्यांनी बघा, मग लाकडानं बोळा काढा. चांगल्या कारखान्यात दुरुस्तीच्या वेळी स्विचला कुलूप घालून किल्ली फिटरजवळ ठेवतात, तीच ही रीत.

कायदा नाही असं नाही. केंद्राचा 1983 चा धोकादायक यंत्रांचा कायदा मळणी यंत्राला लागू आहे. मानकाप्रमाणे पेंढ्या सारायचं पत्र्याचं तोंड किमान 90 सेंमी लांब आणि त्यातलं 45 सेंमी वरून झाकलेलं हवं, म्हणजे हात ड्रमपर्यंत पोचत नाही. पण मोठी पेंढी जावी म्हणून कितीतरी जण ते झाकणच कापून टाकतात. हात कायमचा गेला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत 1 लाख मिळतात. त्यात काय होतं, तुम्हीच सांगा.

मशीन ठरवायला जाताना सोबत टेप न्या, दराचं नंतर बोला. झाकण कापलेलं मशीन मी तरी खळ्यावर येऊ देत नाही. तुमच्याकडे मळणी पोत्यावर की तासावर? आणि तोंड किती सेंमी भरलं, तेही लिहा.