पाणबुड्यांच्या टाक्यांचा टंबलर : विकत घ्यावा की बनवावा?

धंद्याची नवी वाट बहुधा मोठ्या कारखान्यातून निघत नाही. ती एखाद्या लहानशा गरजेतून निघते आणि ज्याची नजर त्या गरजेवर आधी पडते त्याच्या पदरात रोजी पडते. कोकणच्या किनाऱ्यावर अशीच एक गरज आज उभी आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात तसेच गोव्यात ग्रँड आयलंडच्या परिसरात स्कूबा डायव्हिंगचा व्यवसाय चांगलाच रुजला आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्रही तारकर्लीस आहे. बोटवाले, खानावळवाले, लॉजवाले यांना त्यातून काम मिळाले. परंतु ज्या टाकीतल्या हवेवर पाण्याखाली माणूस श्वास घेतो, ती टाकी आतून साफ करण्याचे काम कोण करतो, याकडे आपल्या लेथवाल्या व फॅब्रिकेशनवाल्या बांधवांचे अद्याप म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. आज त्याचाच विचार करू.

टाकी साफ का करावी लागते?

सर्रास वापरात असलेली ॲल्युमिनियमची टाकी सुमारे ११ लिटर पाणी मावेल एवढी असते. तीत २०७ बार, म्हणजे सुमारे ३००० पौंड दाबाने हवा भरतात. अशा रीतीने जवळजवळ २२०० लिटर हवा त्या लहानशा भांड्यात बसते. हवा भरताना कॉम्प्रेसरचा फिल्टर दमला असेल, किंवा टाकी समुद्रात पूर्ण रिकामी झाली असेल, तर आत ओल शिरते. खारे पाणी शिरले तर विचारायलाच नको. पोलादी टाकीत लाल गंज धरतो, ॲल्युमिनियमच्या टाकीत पांढरी भुकटी धरते.

गंज केवळ टाकीची भिंत खात नाही, तो हवेतला ऑक्सिजनही खातो. ओल असलेली पोलादी टाकी भरून महिनोन्‌महिने पडून राहिली, तर आतली हवा श्वासाला अपुरी ठरू शकते. शिवाय गंजाचे कण रेग्युलेटरच्या जाळीत अडकतात आणि पाण्याखाली हवा कमी येऊ लागते. म्हणून या व्यवसायात वर्षातून एकदा टाकी उघडून आत दिवा सोडून पाहण्याची रीत आहे. गंज दिसला की तो काढावा लागतो, आणि त्यासाठीच टंबलर लागतो.

यंत्र म्हणजे काय?

आपल्या पितळकामाच्या कारखान्यांत लहान सुटे भाग पिंपात खड्यांबरोबर फिरवून घासतात, हे कारागिरांना ठाऊक आहे. येथे तेच तत्त्व उलटे आहे. टाकी हेच पिंप होय. व्हॉल्व काढून टाकी निम्म्याला थोडी कमी इतकी सिरॅमिक किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या खड्यांनी भरायची, खडे बुडतील इतपत पाणी घालायचे, पोलादी टाकी असेल तर त्यात गंजरोधक द्रव्य टाकायचे, तोंडाला प्लास्टिकचे बूच लावायचे आणि टाकी दोन रोलरांवर आडवी ठेवून फिरवायची. खडे आतल्या भिंतीवर घसरत राहतात आणि गंज सुटतो. हलका गंज काही तासांत निघतो, जाड असेल तर रात्रभर लागते. दर काही तासांनी थांबवून आत पाहणे मात्र आवश्यक आहे.

घ्यावा की बनवावा?

आमचे मत स्पष्ट आहे : यंत्र बनवावे. परदेशी यंत्र मागवले तर किमतीवर वाहतूक व जकात चढते. अमेरिकेचे यंत्र असेल तर त्याची मोटर बहुधा ११० व्होल्ट व ६० सायकलवर चालणारी असते, आपल्याकडे वीज २३० व्होल्ट व ५० सायकल. म्हणजे मोटर बदलण्याचा खर्च वेगळा. रोलर झिजला तर सुटा भाग समुद्रापलीकडून यायचा. आणि एवढे करून हाती काय येते? एक चौकट, दोन रोलर, चार बेअरिंग आणि एक मोटर! तालुक्याच्या गावातील कोणत्याही वर्कशॉपला हे जमण्यासारखे आहे.

हिशेब असा. टाकीचा बाहेरचा व्यास सुमारे १८४ मिलिमीटर. रोलर ५० मिलिमीटरचे, वरून रबर चढवलेले, म्हणजे टाकीचा रंग खरचटत नाही आणि पकडही सुटत नाही. दोन रोलरांच्या मध्यांतील अंतर पाच ते सहा इंच ठेवावे. त्याहून जवळ आणले तर टाकी डळमळते. अर्ध्या हॉर्सपॉवरची, १४४० फेऱ्यांची सिंगल फेज मोटर पुरते. तीन इंची पुलीवरून नऊ इंची पुली, मध्ये एक शाफ्ट, पुन्हा तीन इंचीवरून नऊ इंची, असे दोन टप्पे केले की रोलर मिनिटाला १६० फेऱ्या घेतो आणि टाकी सुमारे ४३. एवढी गती योग्य आहे. फेऱ्या शंभरावर नेल्या तर खडे भिंतीला चिकटून टाकीबरोबरच फिरतात आणि घासणे बंद पडते. घाईने काम लवकर होत नाही, हे येथे अक्षरशः खरे आहे.

पाणी व खड्यांसह एका टाकीचे वजन पंचवीस-तीस किलोपर्यंत जाते, म्हणून चौकट अँगलची व मजबूत करावी. टाकी फिरता फिरता पुढे सरकते. तिला अडवण्यासाठी दोन्ही टोकांस लहान चाकाचा आधार द्यावा. पट्टे व पुल्या जाळीने झाकाव्यात. पाण्याचे काम असल्याने अर्थिंग पक्के हवे. विजेचा खर्च म्हणाल तर दहा तासांना चार-पाच युनिटांच्या आसपास.

ज्या गावी वर्कशॉपच नाही, किंवा ज्याच्याकडे मोजून पाच-सहा टाक्या आहेत, त्याने यंत्र विकतही घेऊ नये आणि बनवूही नये. त्याने शेजारच्या गावी काम द्यावे, हेच शहाणपणाचे. एका केंद्राच्या कामावर यंत्र पोसले जाणार नाही, पाच-सहा केंद्रांचे काम एका वर्कशॉपकडे आले तर मात्र पोसले जाईल. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते, टाक्या रिकाम्या पडून असतात. तोच या कामाचा हंगाम.

जेथे काटकसर नको

यंत्र स्वस्तात बनवा, पण खडे चांगलेच विकत घ्या. नदीची वाळू, फुटक्या फरशीचे तुकडे, लोखंडी छर्रे यांचा प्रयोग दुसऱ्याच्या प्राणावर करू नये. खड्याचे तुकडे पडून आत राहिले तर तेच पुढे रेग्युलेटरमध्ये जातात. पोलादासाठी व ॲल्युमिनियमसाठी खडे वेगळे ठेवावेत. ॲल्युमिनियमची टाकी तर गरज असेल तरच फिरवावी. पुष्कळदा साध्या धुण्यावर भागते.

आपल्या वर्कशॉपच्या काही सवयी येथे घातक आहेत, त्या मोडाव्या लागतील. गंज धरू नये म्हणून आपण कशालाही तेलाचा हात फिरवतो. या टाकीत तेलाचा, रॉकेलचा, ग्रीसचा थेंबही जाता कामा नये, कारण माणूस तीच हवा ओढणार आहे आणि ऑक्सिजनचे प्रमाण जास्त असलेल्या मिश्रणात तेल पेट घेऊ शकते. कॉस्टिक ॲल्युमिनियम खाते, तेजाब पोलादाला ठिसूळ करू शकते, म्हणून दोन्ही वर्ज्य. वेल्डिंगची ठिणगी किंवा रंगाची भट्टी टाकीला दाखवू नये, उष्णतेने तिची ताकद जाते. व्हॉल्व काढण्यापूर्वी हवा पूर्णपणे, अगदी सावकाश सोडून द्यावी. दाब असताना सुटलेला व्हॉल्व बंदुकीच्या गोळीसारखा उडतो.

काम झाल्यावर खडे काढून टाकी गरम पाण्याने धुवावी व लगेच वाळवावी. पोलाद ओले राहिले तर पाहता पाहता पुन्हा तांबूस होते. वाळवण्यासाठी वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा वापरू नये, तीत तेल असते. ब्लोअरला लांब नळी लावून कोमट हवा सोडावी.

साफ करणे आणि झाकणे

आता मुख्य मुद्दा. टंबलर गंज काढतो, पण गंजाने पाडलेला खड्डा भरून काढत नाही. उलट गंज निघाल्यावरच खड्डा किती खोल आहे ते कळते. अशी टाकी वापरावी की बाद करावी, हे ठरवण्याचा अधिकार साफ करणाऱ्याला नाही. आपल्या देशात गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि त्यांचा अंमल नागपूर येथे मुख्यालय असलेल्या ‘पेसो’कडे आहे. मुदतीची दाबचाचणी मान्यताप्राप्त केंद्रातच व्हावी लागते. आपण साफ करावे, जे दिसले ते कागदावर लिहून मालकाच्या हाती द्यावे, आणि येथेच थांबावे. ‘‘जरा चकाचक करून द्या, पुढे चालवून घेऊ,’’ असे म्हणणारे गिऱ्हाईक येईलच. त्याला हात जोडून परत पाठवावे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा वर सुके आणि आत ओले धान्य निघाले, आणि त्यांनी विक्रेत्याला कडक शब्दांत समज दिली, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वरून कोरडी व आतून ओली टाकी ही त्याच राशीसारखी आहे. फरक इतकाच की तेथे गिऱ्हाइकाचा पैसा बुडत होता, येथे माणूस बुडेल. कलईवाला भांडे नवसागराने घासतो तेव्हा भोक दिसले तर त्यावर कथील पसरून ते लपवत नाही, मालकाला दाखवतो. तीच इमानदारी येथे हवी.

भांडवलाचा प्रश्न

यंत्राचा खर्च फार नाही, त्यासाठी व्याजाच्या कर्जात शिरण्याचे कारण नाही. मुदारबाची वाट मोकळी आहे. एकाने भांडवल द्यावे, दुसऱ्याने मेहनत करावी, नफ्याचे प्रमाण आधी ठरवून लिहून ठेवावे. तोटा आला तर भांडवल त्याचे जाते, मेहनत याची जाते. दोन-तीन व्यापारी व एक कारागीर मिळून मुशारकाही करू शकतात. किनाऱ्यावरील जमातींनी असा व्यवहार जुळवून दिला, तर आयटीआय होऊन मुंबईची किंवा आखाताची वाट पाहणाऱ्या चार तरुणांना गावातच काम लागेल.

आमची सूचना एवढीच. पहिल्या वर्षी एकच यंत्र बनवा, दोन डायव्हिंग केंद्रांशी बोला, आणि प्रत्येक टाकीची नोंदवही ठेवा : टाकीचा नंबर, तारीख, आत काय दिसले, किती तास फिरवली. ती वही तुमची खरी पूंजी होईल. यंत्राची नक्कल कोणीही करील, पण ‘याच्याकडून आलेल्या टाकीत दगा नसतो’ ही किर्द वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे काम करूनच मिळते, आणि बरकतही त्यातच आहे.