कारभारीण गेल्यावरचा कारभार



या खेपेला बी-बियाणे बाजूला ठेवून कागदाचे बोलू. परवा एका गावी हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला गेलो होतो. तिथले आप्पा माझ्या जुन्या ओळखीचे. तीन वर्षांमागे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. चालणे थांबले, पण डोके शाबूत. तेव्हा त्यांनी रीतसर कुलमुखत्यारपत्र करून सारा व्यवहार माईंवर, म्हणजे आपल्या कारभारणीवर सोपवला. बँक, सोसायटी, कचेरी, सगळीकडे माईच जात. यंदा दिवाळीनंतर त्या वारल्या.

थोरल्या मुलाने तो कागद माझ्यापुढे ठेवला. "साहेब, आईच्या जागी आता मीच ना? वारस म्हणून सही केली तर चालेल?"

मी म्हटले, "बाबा रे, जमिनीला वारस असतो, मुखत्यारपणाला नसतो."

मुखत्यारपत्र म्हणजे एका माणसावर टाकलेला विश्वास. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यार वारला की अधिकार तिथेच संपतो. माईंनी हयातीत केलेले रीतसर व्यवहार मात्र त्यामुळे मोडत नाहीत. जमीनही आप्पांचीच राहते. तेव्हा या कागदापायी सातबाऱ्यावर वारसनोंद करायची नसते.

मग करायचे काय? आप्पांनी नवे मुखत्यारपत्र करायचे. अंथरुणावरच्या माणसाला उचलून कचेरीत न्यायला नको. दुय्यम निबंधकांनी घरी येऊन काम करण्याची सोय नोंदणी कायद्यात आहे. त्यासाठी अर्ज द्यावा. नवे करताना दोघांची नावे घाला आणि 'दोघांनी मिळून किंवा कोणाही एकट्याने' असे स्पष्ट लिहून घ्या. म्हणजे एक गेला तरी काम अडत नाही. जुना कागद जिथे जिथे दिला असेल, तिथे मृत्यूचा दाखला द्या.

मात्र उशीर नको. देणाऱ्याचे भान शाबूत आहे तोवरच हा कागद होतो. एकदा भान हरपले, की कोर्टाची पायरी चढावी लागते.

बाजेवरून आप्पा सगळे ऐकत होते. म्हणाले, "थोरल्याबरोबर लेकीचेही नाव घाला. हिशेब तिला आईनेच शिकवलाय." मुलगा क्षणभर गप्प राहिला, मग त्याने मान हलवली.

तुमच्याही पेटीत असा कागद असेल. तो काढून त्यावरची नावे एकदा वाचून पाहा.