इर्जिक की वेठ?

नळदुर्ग-तुळजापूर भागातील शेतकऱ्याला इर्जिक समजावून सांगावी लागत नाही. ज्याचे काम अडले त्याच्या रानात शेजाऱ्यांनी बैल-औत घेऊन जायचे. आज त्याचे, उद्या आपले. हेच विनामोबदला श्रम वाड्याने मागितले की त्याला वेठ म्हणत. फरक श्रमात नव्हता. फळ कोणाच्या पदरात पडते, यात होता.

संगणकाच्या मुक्त कार्यप्रणालींना विद्यार्थ्यांनी हातभार लावावा, असा उपदेश अभियांत्रिकी महाविद्यालयांतून केला जातो. उपदेश योग्यच आहे. लिनक्स १९९१ साली सुरू केली ती हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानेच. १९९२ मध्ये ती जीपीएल परवान्याखाली आली : जो सुधारून वाटेल, त्याने मूळ आज्ञावलीही घेणाऱ्याला द्यावी. मालकीच्या कायद्याचेच हत्यार मालकीवर उलटवण्याचा हा प्रयोग समाजवाद्यांना परका वाटू नये.

परंतु भांडवलाने या इर्जिकीचे काय केले? २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट ही कंपनी सुमारे ३,४०० कोटी डॉलरला घेतली. २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या मुख्य प्रणालीची जशीच्या तशी आज्ञावली सर्वांना देणे थांबवून ती ग्राहकांपुरती ठेवली. गूगलच्या 'समर ऑफ कोड' योजनेत २०१७ पासून मानधन त्या त्या देशाच्या क्रयशक्तीनुसार ठरते. म्हणजे काम तेच, पण भारतीय विद्यार्थ्याचा मोबदला अमेरिकन विद्यार्थ्याहून कमी. आपल्याकडे स्वस्ताई आहे, हे त्याचे समर्थन. संगणक मात्र आमच्या मुलाला जगाच्याच भावाने घ्यावा लागतो!

मग विद्यार्थ्यांनी हात आखडावा काय? मुळीच नाही. त्याने कंपन्यांचे काही अडणार नाही. अडेल ते मराठीचे. मराठी कळफलक, अक्षरवळणे, भाषांतरे यांत बाजाराला नफा दिसला तरच तो हात घालणार. केरळने सरकारी शाळांत मुक्त प्रणाली रुजवून दाखवली. महाराष्ट्राला ते अशक्य का असावे?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. या कामाला विद्यापीठांनी श्रेयांक द्यावेत, शासनाने शिष्यवृत्ती द्यावी आणि शाळा-कचेऱ्यांनी याच प्रणाली वापराव्यात. अन्यथा ही सेवा घरून पैसा येणाऱ्यांचीच मिरास होईल. सुट्टीत सोयाबीनच्या काढणीला जाणारा मुलगा बाहेरच राहील. विद्यार्थ्यांनीही आपले श्रम, सुधारणा खुली ठेवण्याचे बंधन असलेल्या प्रकल्पांनाच आधी द्यावेत.

इर्जिक जरूर घाला. पण रान कोणाचे, हे विचारून.