राहतो ते शहर पाहायचं राहून जातं

जपानमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या भारतीयांची सुटी बहुधा ठरलेल्या यादीवरून चालते. पहिल्या वर्षी फुजी पर्वत, क्योटोची देवळं, नाराची हरणं, हिरोशिमा. पुढच्या वर्षी होक्काइदोचा बर्फ, ओकिनावाचा समुद्र. मग भारतातून आईवडील येतात आणि पहिल्या वर्षाची यादी पुन्हा उघडते. कधीतरी ती संपते आणि ‘काहीतरी वेगळं’ पाहण्याची हौस जागी होते. तेव्हा हाताशी लागतं ते विक्षिप्त जपान: मांजरांचे कॅफे, माणूस जेमतेम मावेल अशा कप्प्यांची हॉटेलं, यंत्रातून काय काय विकतात त्याचे फोटो. ही दुसरी यादी मला पहिलीपेक्षा फारशी वेगळी वाटत नाही. दोन्हींत पाहणारा पाहुणाच राहतो. जो माणूस त्या शहरात घरभाडं आणि रहिवासी कर भरतो, ज्याची मुलं तिथल्या शाळेत जातात, त्याने आडवाट धरायचीच तर शहर कशावर उभं आहे हे जिथे दिसतं तिकडे जावं. पूर वळवणारे बोगदे, कचरा जाळणारे कारखाने, प्रदूषणाच्या खटल्यांची संग्रहालयं, गल्लीतली सार्वजनिक स्नानगृहं, उरलीसुरली ट्राम. यांतली बहुतेक ठिकाणं सामान्य माणसाला खुली आहेत, काही तर फुकट आहेत, आणि तिथे गर्दी नसते.

गर्दीचा मुद्दा किरकोळ नाही. 2013 साली जपानला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी पहिल्यांदा एक कोटीचा आकडा ओलांडला. 2024 मध्ये ते सुमारे 3 कोटी 69 लाख झाले. येन स्वस्त झाला, विमानं वाढली, आणि सगळे त्याच दहा-बारा ठिकाणी गेले. क्योटोच्या गिओन भागातल्या खासगी गल्ल्यांत 2024 पासून पर्यटकांना बंदी आहे, मोडली तर दहा हजार येन दंडाच्या पाट्या आहेत. त्याच वर्षी फुजीकावागुचिको गावाने एका दुकानामागे फुजी दिसतो त्या जागी वीस मीटर लांबीचा काळा पडदा लावला, कारण फोटो काढणारे रस्त्यात उभे राहायचे. वर्षानुवर्षं जपानमध्ये राहणाऱ्या माणसाने सुटीच्या दिवशी या रेट्यात आणखी एक डोकं वाढवण्यात काय साधतं, हा प्रश्न आहेच. पण गर्दी टाळणं हा आडवाटेचा फायदा झाला. आडवाटेचं खरं कारण समजायला एदोगावा प्रभागाचं उदाहरण घेऊ, कारण अनेक मराठी घरांचा टोकियोतला पत्ता तोच आहे.

जपानमध्ये आज पन्नास हजारांहून जास्त भारतीय राहतात. त्यांची टोकियोतली सर्वांत मोठी वस्ती एदोगावात, निशी-कासाई स्टेशनच्या आसपास आहे. 2000 सालच्या संगणक संकटाच्या निमित्ताने अभियंते आले, ओतेमाचीच्या कचेऱ्यांकडे थेट जाणारी तोझाई लाइन सोयीची पडली, मग किराणा दुकानं, शाळा, पूजा असं सगळं मागोमाग आलं. या प्रभागाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. मे 2019 मध्ये प्रभाग कार्यालयाने पुराचा जो नकाशा घरोघर वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर प्रभागाकडे बाण दाखवून ‘इथे थांबू नका’ असं छापलं होतं. सरकारी कागदावर इतकं उघडं वाक्य क्वचितच येतं, आणि जपानमध्ये तर त्याहून क्वचित. महापूर आला तर जवळजवळ सगळा प्रभाग बुडेल, पाणी दोन आठवडेसुद्धा राहू शकेल, म्हणून आधीच प्रभागाबाहेर निघा, असा त्याचा अर्थ. पुढे ऑक्टोबरमध्ये हागिबिस वादळ आलं आणि प्रभागातल्या लाखो लोकांना स्थलांतराची सूचना गेली.

ही जमीन इतकी खाली का, हे तोझाई लाइनच्या खिडकीतून कळत नाही. निशी-कासाईहून निघालेली गाडी पुलावरून जी विस्तीर्ण अराकावा ओलांडते, ती तिथली मूळची नदी नव्हे. 1910 च्या महापुरानंतर टोकियोच्या पूर्वेला सुमारे बावीस किलोमीटर लांबीचा, काही ठिकाणी अर्धा किलोमीटर रुंद नवा प्रवाह खोदला गेला. काम 1930 मध्ये संपलं. त्यावर काम करणारा आकिरा आओयामा हा पनामा कालव्यावर राबून आलेला अभियंता होता. उत्तर टोकियोत इवाबुचीला 1924 सालचं लाल रंगाचं जलद्वार अजून उभं आहे, शेजारी नदीचं छोटं संग्रहालय आहे. जमीन खाली जाण्याचं कारण मात्र माणसाच्या हावेचं. पूर्व टोकियोच्या कारखान्यांनी भूजल उपसलं, जमिनीखालचा वायू काढला, आणि निशी-कासाईच्या पलीकडच्याच स्टेशनाजवळचा मिनामीसुना भाग विसाव्या शतकात सुमारे साडेचार मीटर खचला. उपसा बंद झाल्यावर खचणं थांबलं, पण बसलेली जमीन वर येत नाही. ज्याने हे पाहिलं, वाचलं, त्याला घरामागचा नदीचा बांध सायकल चालवण्याची जागा एवढाच दिसणार नाही.

इथून पुढची फेरी साइतामा प्रांतातल्या कासुकाबेची. तिथे जमिनीखाली पन्नास मीटरवर 6.3 किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. लहान नद्या फुगल्या की त्यांचं पाणी सत्तर मीटर खोल विहिरींत पडतं, बोगद्यातून एका प्रचंड टाकीत येतं आणि पंपांनी एदो नदीत सोडलं जातं. टाकी 177 मीटर लांब, 78 मीटर रुंद, 18 मीटर उंच. छत तोलायला 59 खांब, प्रत्येकी सुमारे पाचशे टनांचे. बांधकाम 1993 ते 2006 चाललं, खर्च सुमारे 230 अब्ज येन. वर्षातून सरासरी सात वेळा ती वापरात येते, बाकीचे दिवस लोक तिकीट काढून, डोक्यावर शिरस्त्राण घालून खाली उतरतात. त्या खांबांमुळे तिला ‘पाताळातलं मंदिर’ म्हणायची पद्धत पडली आहे आणि फोटोंचा सोस तिथेही आहेच. पण एदोगावाच्या रहिवाशाने तिथे उभं राहून विचारायचा प्रश्न वेगळा आहे. उचललेलं पाणी जातं कुठे? ज्या नदीच्या खालच्या टोकाला त्याचं घर आहे, तिच्यात. वरच्या गावांना वाचवण्यासाठी मोठ्या बांधांच्या नदीवर भार टाकायचा, हा हिशेब तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही. पण तो हिशेब आहे, कुणाचा तरी धोका कमी करून दुसऱ्याच्या बांधावर भरवसा ठेवणारा. हिंदमाताला तुंबणारं पाणी साठवायला मुंबई महापालिकेने मैदानाखाली टाक्या बांधल्या, तेव्हा हाच प्रश्न दादर-परळच्या माणसाला पडला असणार. क्योटोचं कुठलंही देऊळ हा प्रश्न एदोगावाच्या रहिवाशासमोर ठेवणार नाही.

अराकावाच्या पलीकडे, कोतो प्रभागात, युमेनोशिमा नावाचं बेट आहे. आज तिथे बाग, क्रीडांगणं आणि उष्ण प्रदेशातल्या झाडांचं काचघर आहे. 1957 ते 1967 या काळात ती टोकियोची कचराभूमी होती. 1965 च्या उन्हाळ्यात माश्यांचा असा उच्छाद झाला की कचऱ्याचे ढीग पेटवावे लागले. सगळ्या शहराचा कचरा आमच्याच दारातून का जातो, म्हणून कोतोचे लोक चिडले. सुगिनामीसारख्या सधन प्रभागात कचरा कारखान्याला विरोध झाला, तेव्हा कोतोने सुगिनामीच्या गाड्या अडवल्या. 1971 मध्ये राज्यपाल मिनोबे यांनी ‘कचरा युद्ध’ जाहीर केलं ते याच वादातून. प्रत्येक प्रभागाने आपला कचरा आपण जाळावा, हा विचार तिथून रुजला. आज त्या काचघराला ऊब मिळते ती शेजारच्या कचरा कारखान्याच्या उष्णतेतून. एका कोपऱ्यात ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही लाकडी मासेमारी नौका ठेवली आहे. 1 मार्च 1954 रोजी बिकिनीजवळच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख तिच्यावरच्या 23 जणांवर पडली, त्यांतला एक त्याच वर्षी गेला. पुढे निकामी झालेली ती नौका याच कचऱ्याच्या बेटाशी टाकून दिली होती. नागरिकांनी आवाज उठवून ती वाचवली, आणि 1976 पासून तिचं प्रदर्शन आहे. हिरोशिमाला जाणारे पुष्कळ. घरापासून नदीपलीकडे असलेल्या या नौकेकडे फारसं कुणी फिरकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं सरकारचं प्रदर्शन आहे. जे दाखवायचं तेच दाखवतात, आणि काँक्रीट पाहून भारावलेला अभियंता टाळ्या वाजवत घरी येतो. आक्षेपात तथ्य आहे. जपानमध्ये काँक्रीटचं राजकारण जुनं आहे. यांबा धरणाची योजना 1952 ची. 2009 साली नव्या सरकारने ती थांबवली, दोन वर्षांनी पुन्हा सुरू केली, धरण 2020 मध्ये पूर्ण झालं. मार्गदर्शक हा इतिहास सांगेलच असं नाही. ओसाकातला माइशिमाचा कचरा कारखाना तर प्रदर्शनाचा कळसच. ऑस्ट्रियाचा कलावंत हुंडर्टवासर याने त्याची रचना केली, 2001 मध्ये तो पूर्ण झाला, आणि रंगीत चौकोन, सोनेरी गोळे, गच्चीवरची झाडं पाहून तो जवळच्या करमणूक उद्यानाचाच भाग वाटतो. मला तो देखणेपणा जास्तीचा वाटतो. जाळण्याच्या कारखान्याला निसर्गाचा मुखवटा कशाला? तरीही आत गेल्यावर खड्ड्यातून कचरा उचलणारा पंजा दिसतो, आणि एका शहराच्या पिशव्या किती होतात ते डोळ्यांपुढे येतं. मुखवटा आहे हे कळण्यासाठीसुद्धा तिथे जावं लागतं. शिवाय आडवाटेवर अपयशाचीही ठिकाणं आहेत. योक्काइची शहरात रात्रीच्या दिव्यांनी झगमगणारे रसायन कारखाने बोटीतून पाहण्याची सोय आहे. त्याच शहरात त्याच उद्योगाच्या धुराने दम्याचे रुग्ण झाले, आणि जुलै 1972 मध्ये न्यायालयाने सहा कंपन्यांना जबाबदार धरलं. 2015 पासून त्याचं संग्रहालय आहे. बोट आणि संग्रहालय दोन्ही एका दिवसात होतात. नुसती बोट करून परतणाऱ्याने मात्र योक्काइची अर्धंच पाहिलं.

दुसरा आक्षेप घरातून येईल, आणि तो जास्त प्रामाणिक आहे: आठवडाभर राबून रविवारी सांडपाणी कशाला पाहायचं? मान्य. रोज बोगद्यात उतरा असं कुणी म्हणत नाही. मिनोवाबाशी ते वासेदा ही 12.2 किलोमीटरची, टोकियो महानगराच्या एकेकाळच्या ट्रामजाळ्यातली उरलेली एकमेव ट्राम घरांच्या परसांमधून जाते. तिच्यात बसायला कुठलाही अभ्यास लागत नाही. 2016 पासून गावोगावच्या गटारांच्या नक्षीदार झाकणांची कार्डं मिळतात, फुकट, पण त्या त्या गावी स्वतः गेल्यावरच. मुलांना त्यांचं वेड लागतं आणि त्या निमित्ताने कुणी न गेलेलं गाव बघून होतं. स्नानगृहांचं तसंच. 1968 च्या सुमारास टोकियोत अशी अडीच हजारांहून जास्त ‘सेन्तो’ होती, आता साडेचारशेही उरलेली नाहीत. दर प्रांत सरकार ठरवतं, 2024 मध्ये तो 550 येन झाला. परक्या लोकांसमोर कपडे काढायची लाज ही आपल्याकडच्यांची खरी अडचण आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. पण गल्लीतली म्हातारी माणसं जिथे एकमेकांची विचारपूस करतात अशी तेवढीच जागा उरली आहे, आणि तिला पर्यटकाहून रोजच्या गिऱ्हाइकाची गरज आहे.

मग आडवाटही गर्दीने बुजेल, हा तिसरा आक्षेप. गिओनच्या गल्लीचा आणि कासुकाबेच्या टाकीचा फरक इथे ध्यानात घ्यावा. गल्ली लोकांच्या राहण्याची आहे. टाकी, कारखाना, संग्रहालय यांनी स्वतःहून दार उघडलं आहे, वेळ आणि संख्या ठरवून. तिथे ठरावीक नोंदणीपलीकडे माणूस शिरू शकत नाही. सेन्तोच्या बाबतीत मात्र आक्षेप अर्धा खरा आहे. दहा जणांच्या टोळीने जाऊन फोटो काढायची ती जागा नाहीच.

राहिला सगळ्यांत कडवट सवाल: जिथे मत देता येत नाही त्या शहराचं पाणी कुठे वाहतं याची उठाठेव परदेशी माणसाने का करावी? जपानमध्ये परदेशी नागरिकांना स्थानिक निवडणुकीतही मत नाही. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले, ते जपानी नागरिकत्व घेतल्यानंतर. हा मार्ग सगळ्यांचा नाही आणि असायची गरजही नाही. पण पुराचं पाणी व्हिसा तपासत नाही, आणि करही मताच्या बदल्यात घेतला जात नाही. प्रभागाबाहेर आधीच निघा असं सांगितलं जातं तेव्हा कुठल्या दिशेने, कुठल्या नदीचा पूल ओलांडून निघायचं, हे नदी पाहिलेल्याला लवकर सुचतं. भाषेची अडचण सांगणाऱ्यांसाठी एवढंच: कासुकाबेच्या फेरीत सुरक्षिततेच्या सूचना समजाव्यात म्हणून जपानी येणारं कुणीतरी सोबत हवं असा नियम राहिला आहे. निशी-कासाईच्या पुष्कळ घरांत ते माणूस प्राथमिक शाळेत जातं. जिने बरेच आहेत आणि काही मार्गांना वयाची अट असते, ती नोंदणीआधी पाहून घ्यावी.