वजनाचा खोडवा



या पानावर आम्ही दर वेळी बेणे, खते, पाचट, हुमणी यांविषयी चार शब्द लिहीत असतो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. उसाच्या वजनाबाबत आपण सगळेच जागरूक असतो. काट्यावर फरक पडल्याची नुसती शंका आली तरी गाडी पुन्हा तोलायला लावणारे सभासद आम्ही पाहिले आहेत, आणि त्यात त्यांचे काही चुकते असेही नाही. पण स्वतःचे वजन शेवटचे कधी पाहिले, असे विचारले तर निम्मे लोक हसतील आणि उरलेले पोटावरून हात फिरवतील.

आम्हीही त्यातलेच. मागच्या हंगामाच्या तोंडावर कारखान्यावर आरोग्य तपासणी शिबिर झाले. आम्ही रांगेत उभे राहिलो ते इतरांना हुरूप यावा म्हणून. काटा ८९ किलोवर थांबला, कंबर १०४ सेंटिमीटर भरली आणि रक्तातली साखर अगदी सीमेवर निघाली. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत असावी, असे डॉक्टर मंडळी सांगतात. आमच्या वडिलांचा एक पाय मधुमेहापायी कापावा लागला होता. त्यामुळे ही गोष्ट हसण्यावारी नेता आली नाही.

आधी एक अडचणीचा मुद्दा बोलून टाकू. साखर कारखान्याच्या पत्रात साखर कमी खा म्हणून लिहायचे, हे काहींना खटकेल. आपली चूल उसावर पेटते हे खरे, पण सभासदाने कपात दोन चमचे जास्त टाकल्याने उसाचा दर वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेल्या साखरेचे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, आणि पाच टक्क्यांच्या आत आले तर अधिक बरे. दिवसाला २००० उष्मांक धरले तर दहा टक्के म्हणजे ५० ग्रॅम, पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. आम्ही गटात फिरतो तेव्हा सात-आठ वस्त्या होतात, आणि प्रत्येक वस्तीवर "साहेब, घोटभर तरी घ्याच" असा आग्रह असतो. आठ कप, कपाला दोन चमचे, चमच्याला ५ ग्रॅम. झाली ८० ग्रॅम साखर आणि ३२० उष्मांक. म्हणजे एका भाकरीचा ऐवज आम्ही बांधावर उभ्या उभ्या पीत होतो आणि घरी सांगत होतो, "आज जेवायलासुद्धा वेळ मिळाला नाही."

उष्मांक म्हणजेच कॅलरी ही काही डॉक्टरांची खास भाषा नाही. आपल्या बॉयलरवरच्या माणसांना ती रोजची आहे. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागणारी उष्णता, ती एक किलोकॅलरी. खाण्याच्या बाबतीत आपण कॅलरी म्हणतो ती हीच. ओल्या बगॅसमधून किलोला सव्वादोन हजारांच्या आसपास मिळतात. अन्नाचा हिशेबही तसाच आहे. पिठूळ व गोड पदार्थ आणि प्रथिने यांचे ग्रॅमला ४, तेल-तुपाचे ९. बॉयलरला लागेल तेवढे जळते, उरलेले यार्डात ढीग होऊन पडते. आपले यार्ड म्हणजे पोट. अंगावरच्या एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक साठलेले असतात. म्हणून गरजेपेक्षा रोज पाचशे कमी घेतले, तर आठवड्याला जेमतेम अर्धा किलो उतरते. याहून फार वेगाने उतरवून देतो असे कोणी म्हणाला, तर आधी त्याच्याकडे संशयाने पाहावे.

आम्ही मात्र तसे पाहिले नाही. शिबिरानंतर आम्ही भात बंद, साखर बंद, रात्रीचे जेवण बंद असा धडाका लावला. दोन महिन्यांत सहा किलो उतरले आणि ऑफिसात वाहवा झाली. मग तोडणीची धावपळ वाढली, लग्नसराई आली, आणि हंगाम संपता संपता काटा ९० वर गेला. उतरलेले सहा परत आले, वर एक किलो व्याज.

याच सुमारास, गेल्या गणपतीत, आम्ही मुंबईस गेलो. आपल्या भागातल्या बहुतेक भावक्यांचे एखादे घर लालबाग-परळकडे आहेच. बापजाद्यांपैकी कोणीतरी गिरणीत गेलेला असतो. तीन दिवसांत आम्ही तीन घरे फिरलो आणि योगायोगाने तिन्ही घरांत खाण्याचा हिशेब ठेवण्याच्या तीन रीती पाहिल्या. कोणती टिकते, यावर आमचे मत त्या तीन घरांत तयार झाले.

पहिले घर दादरला, पुतण्याचे. त्याच्या स्वयंपाकघरात ग्रॅमचा काटा आणि हातात मोबाईल. पोहे तोलायचे, मोबाईलमध्ये भरायचे, मग तोंडात घालायचे. चार किलो उतरले होते, ते नाकबूल करता येणार नाही. त्याला कळले की घरच्या उसळीत माणशी दोन मोठे चमचे तेल पडते, आणि एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० उष्मांक असतात. मूठ-मूठ करत शंभर ग्रॅम शेंगदाणे संपले की पाचशेच्या वर जातात, हेही त्याला काट्यानेच शिकवले. पण संध्याकाळी तो आम्हाला कीर्ती कॉलेजजवळ वडापाव खायला घेऊन गेला, तिथे काटा चालेना. वडा केवढा, पाव केवढा, त्यावर चुरा किती? मोबाईल सांगेल तो आकडा कोणा दुसऱ्याच वड्याचा. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांकडे मोदक पानात पडले. यजमानीण बाईंसमोर मोदक तोलणार कसा? महिनाभराने त्याचा फोन आला, "काका, कंटाळलो. आता नजरेनेच कळतं." त्यानंतर दोन किलो परत चढल्याचे वहिनींनी सांगितले.

दुसरे घर लालबागला, आमच्या थोरल्या चुलतभावाचे. दादा गिरणीच्या साळखात्यात होते. बिऱ्हाड यायच्या आधी ते खानावळीत जेवत. गिरणगावात अशा शेकडो बायका कामगारांना जेवू घालून संसार चालवत. त्यांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे आपल्यापैकी जुन्या मंडळींना ठाऊक असेल. खानावळीचे ताट ठरलेले असे. इतक्या चपात्या, एवढी वाटी, एवढा भात. न जेवलेल्या दिवसाचा खाडा लिहिला जाई आणि महिनाअखेर हिशेब होई. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि दादांची गिरणी कायमची सुटली. पुढे ते वॉचमन झाले. आठ तास साच्यावर उभे राहणारा माणूस आठ तास स्टुलावर बसू लागला, ताट मात्र तेच राहिले. वजन वाढत गेले. तेव्हा दादर स्टेशनवर रंगीत दिव्यांचे वजनयंत्र असे. नाणे टाकले की पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर येई, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. दादांनी दर रविवारी तिकीट काढायचा नेम धरला. वजन वाढले की ताटातली एक चपाती कमी, उतरले की ताट तसेच. ती तिकिटे त्यांनी तारेत ओवून ठेवली आहेत, आपण काट्याच्या पावत्या ओवतो तशी. नंतर त्यांनी घरीच काटा आणला आणि वही केली. सत्तरी ओलांडली, पण कंबर सुटलेली नाही. आम्ही विचारले, "दादा, कंटाळा नाही आला?" म्हणाले, "अरे, आठवड्यातून एकदा काट्यावर उभं राहायला कसला कंटाळा? आणि मागच्या बाजूचं भविष्य कधी खरं झालं नाही, पुढच्या बाजूचं वजन मात्र नेहमी खरं निघालं."

तिसरे घर गिरगावात, चाळीतल्या आक्कांचे. त्यांच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले. दुधाचा खाडा जसा तारखेच्या चौकोनात लिहितात, तसेच आक्का रोज रात्री तीन आकडे लिहितात: पोळ्या किती, साखरेचे चमचे किती, तळलेले किंवा बाहेरचे किती वेळा. ग्रॅम नाही, उष्मांक नाही. दोन वर्षांत सात किलो उतरले आणि उतरलेलेच राहिले. चिवडा घरात येत नाही का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "येतो की. लालबागच्या चिवडा गल्लीतूनच येतो. पण खाल्ला की लिहावा लागतो, मग आपोआप वाटी लहान घेतली जाते."

आम्हाला वाटते, सगळे इंगित या शेवटच्या वाक्यात आहे. २००८ साली अमेरिकेत सुमारे १७०० माणसांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खाल्लेले रोज लिहून ठेवणाऱ्यांचे वजन न लिहिणाऱ्यांच्या दुप्पट उतरले, असे त्यात दिसले. लिहिण्यात काही जादू नाही. लिहायचे आहे हे माहीत असल्यावर हात आवरतो.

म्हणून आमचे मत असे, की हिशेबाची रीत निवडताना ती किती अचूक आहे हे नंतर पाहावे. पुढच्या हंगामातही आपण ती करत असू का, हे आधी पाहावे. पूर्ण अचूकपणा कोणालाच साधत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अन्नघटकांचे तक्ते केले आहेत, २०१७ साली नवेही काढले. ते उत्तम आहेत, पण ते बहुतेक कच्च्या धान्या-भाजीचे आहेत. तुमच्या घरची भाकरी केवढी, हे हैदराबादला कसे कळणार? पक्वता पाहायला आम्ही हँड रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स घेतो, तेव्हा प्रयोगशाळेइतका बारकावा त्यात नसतो. पण त्याच प्लॉटात, त्याच पद्धतीने, ठरल्या दिवशी घेतला की ऊस कोणत्या वाटेने चालला आहे ते कळते. वजनाचेही तसेच आहे.

लागण कोणीही चांगली घेतो. नवे बेणे, नवा उत्साह, खताची पोती बांधावर. खरी परीक्षा खोडव्यात. तोडणी झाली की आपण रानाकडे पाठ फिरवतो, नांग्या भरत नाही, आणि मग खोडवा परवडत नाही म्हणतो. वजन उतरवणे ही लागण आहे, उतरलेले राखणे हा खोडवा. आमची लागण साधली होती, खोडवा आम्ही वाऱ्यावर सोडला.

आमची सूचना साधी आहे. पहिला एक महिना काट्याचा आणि मोबाईलचा जरूर उपयोग करा. घरातल्या मुला-मुलींना सांगा, ती हौसेने करतील. एका भाकरीला पीठ किती लागते ते एकदा तोला. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साडेतीनशेच्या आतबाहेर उष्मांक असतात, हे ध्यानात ठेवा. तेलाचा डबा उघडला की त्यावर तारीख घाला. पाच माणसांत पाच लिटर तेल महिन्यात संपले, तर प्रत्येकाच्या पोटात रोज ३० ग्रॅम, म्हणजे २७० उष्मांक नुसत्या तेलाचे गेले. साखर सोडून गूळ धरला म्हणजे सुटका झाली, असेही समजू नका. दोहोंत फारसा फरक नाही. ब्रिक्स १८ धरला तर पावलिटर रसातही चाळीसेक ग्रॅम साखर येते.

महिनाभरात नजर तयार झाली, की काटा कपाटात ठेवा आणि आक्कांचे कॅलेंडर धरा. रोज तीन आकडे. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, सकाळी उपाशीपोटी, त्याच काट्यावर वजन. एक-अर्धा किलो पाण्याने मागेपुढे होतो, त्याने घाबरू नये. चार आठवड्यांत हालले नाही, तर दादांप्रमाणे ताटातली अर्धी भाकरी किंवा चहातले दोन चमचे कमी करावे. एखाद्या दिवशी लिहायचे राहिले, तर खाडा लिहा, पण कॅलेंडर बंद करू नका. खाड्याने खानावळ बंद पडत नाही.

जे मधुमेहाच्या गोळ्या घेतात किंवा इन्सुलिन टोचतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवण कमी करू नये. साखर एकदम उतरून चक्कर येते, जिवावरही बेतते. वाढत्या वयाची मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाया यांनी या वाटेला जाऊच नये. आणि आपल्या फडात पहाटेपासून कोयता चालवणाऱ्यांसाठी हा लेख नाही. त्यांच्या ताटात कमी पडते ते वाढवण्याचा विचार आपण करायला हवा.

संचालक मंडळाकडे एक मागणी करून थांबतो. प्रत्येक गट ऑफिसात उसाच्या नोंदीची वही आहे, माती परीक्षणाच्या पिशव्या आहेत. तिथे माणसे तोलायचा एक काटा आणि कंबर मोजायची एक फीत ठेवावी. खर्च किरकोळ आहे. स्लिप घ्यायला आलेला सभासद दोन मिनिटे त्यावर उभा राहील. सोमवारी आमच्या गट ऑफिसात पहिले उभे राहण्याचा मान आम्ही घेऊ. काटा सध्या ८५ दाखवतो. लागण बरी आली आहे. खोडव्याचे पुढच्या वर्षी याच पानावर कळवू.

आणि तोवर आम्ही वस्तीवर आलो, तर चहा जरूर करा. बिनसाखरेचा.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी