सवलत खुर्चीला द्या

नाटकाच्या तिकिटात सवलत कोणाला द्यावी, हा विषय निघाला की दोन नावे लगेच पुढे येतात: ज्येष्ठ नागरिक आणि विद्यार्थी. मागणी सद्हेतूने केली जाते आणि ऐकायलाही न्याय्य वाटते. तरीही ती मला मान्य नाही. सवलत हवीच, आज कुठे कुठे मिळते तिच्यापेक्षा कितीतरी मोठी हवी. पण ती वय किंवा ओळखपत्र पाहून देऊ नये. प्रत्येक प्रयोगाच्या काही खुर्च्या स्वस्त ठरवाव्यात आणि खिडकीवर जो आधी येईल त्याला त्या द्याव्यात, काहीही न विचारता.

आधी ज्येष्ठांचे पाहू. रविवारी दुपारी दादरच्या शिवाजी मंदिरात, ठाण्याच्या गडकरी रंगायतनात किंवा पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात प्रेक्षागृहावर नजर फिरवली तर पांढऱ्या केसांच्या रांगा दिसतात. या पिढीने मराठी नाटक जगवले, तिचे ऋण मोठे आहे. पण पुढच्या रांगांतले हे प्रेक्षक बहुतेक निवृत्तिवेतन असलेले, स्वतःच्या घरात राहणारे आहेत, आणि तिकीट पूर्ण दराचे असले तरी येतात. साठी उलटलेली, अजून चार घरची धुणीभांडी करणारी बाई मात्र तिथे दिसत नाही. वयाची सवलत ठेवली की तिचा लाभ आधी जो येणारच होता त्याला मिळतो. त्या बाईपर्यंत सवलतीची बातमीसुद्धा पोहोचत नाही.

इथे एसटीचा दाखला हमखास दिला जातो. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना एसटी मोफत झाली, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले. मग नाटकाला काय हरकत आहे? हरकत अशी की एसटीच्या सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला देते. नाटकाच्या निर्मात्याला कोण देते? नाट्यगृहाचे भाडे, कलाकारांच्या नाइट्स, बॅकस्टेजच्या मुलांचे पैसे, नेपथ्याचा टेम्पो, जाहिरात हे सारे त्याला प्रयोग संपताच चुकवायचे असते. प्रेक्षागृहातले निम्मे लोक ज्येष्ठ असतील, तर ही सवलत त्याला झेपण्यासारखी नाही. मग तो मूळ दर वाढवतो आणि तो वाढीव दर मुलाबाळांना घेऊन आलेल्या पस्तिशीतल्या जोडप्याच्या माथी बसतो.

विद्यार्थ्यांची बाजू जास्त बळकट आहे. आजचा तरुण हा उद्याचा प्रेक्षक, हे मलाही पटते. पण तरुण म्हणजे महाविद्यालयाचे ओळखपत्र गळ्यात असलेलाच का? बारावीनंतर शिक्षण सुटलेला, दिवसभर पार्सले पोहोचवणारा एकवीस वर्षांचा मुलगा. कंत्राटावर काम करणारी नर्स. मॉलमध्ये आठ तास उभी राहणारी मुलगी. आयटीआय करून कारखान्यात उमेदवारी करणारा पोरगा. यांच्याकडे ओळखपत्र नाही म्हणून यांनी पूर्ण पैसे भरायचे आणि वडिलांच्या गाडीतून उतरलेल्या त्यांच्याच वयाच्या विद्यार्थ्याने निम्मे? शिक्षण परवडले त्यालाच नाटकही स्वस्तात, असा या सवलतीचा अर्थ होतो. मला तो अन्याय वाटतो आणि नाटकाचे नुकसानही वाटते, कारण नाटकाला सर्वांत दुरावलेला तरुण तोच आहे, ज्याला ही सवलत दारातच अडवते.

यावर काहीजण म्हणतात, मग खरोखर गरीब असेल त्यालाच द्या. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आणा, नाहीतर पिवळी शिधापत्रिका दाखवा. या सूचनेचा मला मनापासून राग येतो. मागे रांग उभी असताना बुकिंगच्या खिडकीत शिधापत्रिका सरकवून नाटकाचे तिकीट मागायला कोण येईल? धान्यासाठी माणूस ते करतो, कारण पोट थांबत नाही. नाटकावाचून कोणाचे अडत नाही, म्हणून अपमान झाला की तो परत येत नाही. आणि असे होऊ शकते हे नुसते ठाऊक असले तरी तो घरातून निघतच नाही.

माणूस न तपासता सवलत देण्याची कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात अथेन्सला ‘थिओरिकॉन’ नावाचा निधी होता. उत्सवातली नाटके पाहण्यासाठी नागरिकांना त्यातून पैसे मिळत आणि त्यात गरीब-श्रीमंत असा भेद नसे. नागरिकांत स्त्रिया आणि गुलाम मोजले जात नसत, हा त्या नगराचा दोष खराच. तरी नाटक पाहणे हा नागरिकाचा हक्क मानला गेला होता, आणि मॅसिडोनच्या फिलिपशी लढण्यासाठी तो पैसा वळवावा म्हणणाऱ्या डेमोस्थेनिसलाही ते पटवून देणे जड गेले. आपल्याकडची राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. तिचे तिकीट नाममात्र असते आणि ते सगळ्यांसाठी नाममात्र असते. जीएसटीचा नियमही याच वाटेने जातो: नाटकाचे तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर कर नाही. ही मर्यादा आधी २५० होती, २०१८ च्या जानेवारीत ती ५०० झाली. सरकारने ही सूट देताना प्रेक्षकाचे वय किंवा उत्पन्न विचारले नाही, फक्त तिकिटाचा दर पाहिला.

खुर्चीला सवलत म्हटले की लोकांना बाल्कनीची शेवटची रांग आठवते. इथे मात्र आपली सवय मोडायला हवी. लंडनच्या शेक्सपिअर्स ग्लोबमध्ये रंगमंचाला अगदी लागून असलेल्या अंगणात सातशे माणसे उभी राहून नाटक पाहतात आणि तीच तिथली सर्वांत स्वस्त जागा. अनेक वर्षे ती ५ पौंडांना मिळत असे. न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर १९९६ मध्ये ‘रेंट’ आले, तेव्हा पहिल्या दोन रांगा प्रयोगाच्याच दिवशी २० डॉलरना विकायला ठेवल्या होत्या. भाडे भरताना मेटाकुटीला आलेल्या तरुण कलावंतांची ती कथा, आणि तशाच तरुणांना ती पाहता यावी हा हेतू. त्यासाठी मुले रात्रभर फुटपाथवर झोपू लागली, तेव्हा रांगेऐवजी सोडत काढावी लागली. तरुण पिढीला नाटकाची ओढ उरली नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्या फुटपाथचा विचार करावा.

ऐपतदार लोकच या स्वस्त खुर्च्या पटकावतील, ही शंका रास्त आहे. काही पटकावतीलही. पण ही तिकिटे ॲपवर न ठेवता फक्त खिडकीवर, प्रयोगाच्याच दिवशी, एका माणसाला दोन अशी दिली, तर ज्याला वेळेपेक्षा पैसा स्वस्त आहे तो तासभर रांगेत उभा राहत नाही. जो उभा राहील त्याला नाटक मनापासून हवे आहे. त्याच्या खिशात किती पैसे आहेत हे शोधण्यात मला रस नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. गुडघे दुखणाऱ्या आजोबांनी रांगेत उभे कसे राहायचे, बाल्कनीचे जिने कसे चढायचे? म्हणूनच यातल्या निम्म्या-शिम्म्या खुर्च्या खालच्या मजल्यावर हव्यात आणि खिडकीजवळ बाकडे हवे. आणि मदतनिसाशिवाय ज्यांना नाट्यगृहात येताच येत नाही, अशा अपंग प्रेक्षकांच्या मदतनिसाला तिकीट नसावेच. याला मी सवलत म्हणणार नाही. तो एकच प्रेक्षक आहे, त्याला दोन खुर्च्या लागतात.

आता पैशांचे. ९०० खुर्च्यांच्या नाट्यगृहात दहावा हिस्सा म्हणजे ९० खुर्च्या १०० रुपयांना द्यायच्या असे धरू. त्यातल्या ५० बाल्कनीच्या ३०० रुपयांच्या आणि ४० खालच्या ५०० रुपयांच्या असतील, तर प्रयोग हाउसफुल्ल असतानाही निर्मात्याचे २६ हजार रुपये कमी होतील. हाउसफुल्ल नसेल तेव्हा यातल्या बऱ्याच खुर्च्या एरवी रिकाम्याच राहिल्या असत्या, म्हणजे तोटा त्याहून कमी. ही रक्कम एकट्या निर्मात्यावर टाकणे चूक ठरेल. बालगंधर्व असो की गडकरी, आपली बरीच मोठी नाट्यगृहे महापालिकांची आहेत. ती उभी राहिली त्या पैशात, कधीही आत न आलेल्या माणसाचाही कर आहे. स्वस्त तिकिटांची स्थळप्रत दाखवली की पालिकेने तेवढी रक्कम भाड्यातून वजा करावी. राज्य सरकार नव्या व्यावसायिक नाटकांना अनुदान देते, त्यालाही या खुर्च्यांची अट घालता येईल.

हे सुरू करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. पालिकेच्या नाट्यगृहांत पुढच्या काही खुर्च्या पाहुण्यांसाठी राखून ठेवतात, आणि त्यांतल्या कित्येक पडदा उघडला तरी रिकाम्याच असतात. सुरुवात त्यांच्यापासून करावी. पहिली घंटा झाली आणि पाहुणे आले नाहीत, तर त्या खुर्च्या त्याच खिडकीवर, १०० रुपयांना, बाहेर थांबलेल्यांना देऊन टाकाव्यात.