पाचटापासून हरित अमोनिया : शिरूर व दौंड तालुक्यांतील ऊस उत्पादकांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे.

विषय : उसाच्या पाचटापासून हरित अमोनिया निर्मितीचा प्रायोगिक प्रकल्प उभारणे व त्यात शेतकऱ्यांचे हक्क निश्चित करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे शिरूर व दौंड तालुक्यांतील ऊस उत्पादक शेतकरी आपणास नम्रपणे निवेदन सादर करतो की,

भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या पाण्यावर आमचा ऊस पिकतो. तोडणीनंतर हेक्टरी साधारण 8 ते 10 टन पाचट रानात पडते आणि खोडव्याची घाई असल्याने पुष्कळ ठिकाणी ते पेटवले जाते. पाचटात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे हेक्टरी 40 ते 50 किलो नत्र, युरियाच्या 45 किलोच्या दोन ते अडीच गोण्यांतील नत्राइतके, बहुतांश धुरावाटे जाते. सेंद्रिय कर्बही जळतो. मग तेच नत्र आम्ही विकत आणतो.

पाचटापासून हायड्रोजन काढून त्याचा हवेतील नत्राशी संयोग केला, की खताचा मूळ घटक असलेला अमोनिया तयार होतो. एक टन अमोनियाला सुमारे 178 किलो हायड्रोजन लागतो. केंद्र सरकारने 4 जानेवारी 2023 रोजी 19,744 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठरलेल्या हरित हायड्रोजनच्या व्याख्येत जैवभारापासूनचा हायड्रोजनही धरला आहे. राज्याचे हरित हायड्रोजन धोरणही 2023 मध्येच आले. पिकांच्या अवशेषांपासून हायड्रोजन मिळवण्याचे तंत्र पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटी कंपनीच्या सहकार्याने विकसित केल्याचे 2021 मध्ये जाहीर झाले. धोरण आहे, संशोधन जिल्ह्यात आहे, कच्चा माल आमच्या रानात आहे. मात्र पाचटातला जमिनीचा वाटा काढून घेऊन उभा राहणारा प्रकल्प आम्हाला मान्य नाही. म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

1. रांजणगाव किंवा कुरकुंभ औद्योगिक क्षेत्रात आधी लहान प्रायोगिक प्रकल्प उभारावा. त्याचा खर्च, पाणीवापर व उत्पादन यांचा अहवाल मराठीत जाहीर करावा.

2. सगळे पाचट उचलू नये. रानात किती ठेवायचे, हे महात्मा फुले कृषी विद्यापीठाने माती परीक्षणावरून ठरवावे. पाचट कुट्टी करून खोडव्यात ठेवणाऱ्यांवर विक्रीची सक्ती नसावी.

3. पाचटाचा दर हंगामापूर्वी जाहीर व्हावा. गोळा करणे, गठ्ठे बांधणे व वाहतूक यांचा खर्च प्रकल्पाने करावा. उसाच्या बिलाप्रमाणे 14 दिवसांत पैसे खात्यात जमा व्हावेत.

4. प्रक्रियेतून उरणारी स्लरी किंवा राख तपासून, पाचट देणाऱ्यांच्याच शेतात विनामूल्य परत यावी. पालाश त्यातच राहते. तयार खतावरही त्यांचा पहिला हक्क असावा.

5. शेतीच्या आवर्तनातील पाणी प्रकल्पाला देऊ नये.

6. अमोनिया विषारी वायू आहे. जागा ठरवण्यापूर्वी लगतच्या गावांत जनसुनावणी घ्यावी. गळती झाल्यास इशारा देण्याची व गावकऱ्यांना सुरक्षित जागी हलवण्याची व्यवस्था प्रकल्प सुरू होण्याआधी सिद्ध असावी.

वरील मागण्यांवर निर्णय घेण्यासाठी महाऊर्जा (राज्याची ऊर्जा विकास संस्था), कृषी विभाग, साखर कारखाने व शेतकरी प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक येत्या गाळप हंगामापूर्वी आपल्या अध्यक्षतेखाली बोलवावी, ही विनंती. पाचट न पेटवण्याची आमची तयारी आहे. त्याला रास्त दर आणि जमिनीला तिचा वाटा मिळावा, एवढेच आमचे मागणे आहे.

आपले विश्वासू,
शिरूर व दौंड तालुक्यांतील ऊस उत्पादक शेतकरी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
महासंचालक, महाऊर्जा, पुणे
तहसीलदार, शिरूर व दौंड